जुना सोबती, नवा भाग: फँटसी रोल-प्लेइंग गेमच्या सीक्वेलमध्ये परतणाऱ्या पात्राचे सातत्य कसे राखावे

फँटसी रोल-प्लेइंग गेमच्या पुढच्या भागावर खेळाडूंचा सर्वाधिक रोष ओढवतो तो बहुधा परतलेल्या सोबत्यांमुळे. मागच्या भागात खेळाडूने त्या पात्राबरोबर कित्येक तास काढलेले असतात, त्याचे संवाद पाठ झालेले असतात, आणि त्याच्या आयुष्याला कोणते वळण द्यायचे हेही बऱ्याचदा खेळाडूनेच ठरवलेले असते. त्यामुळे लेखकाच्या नजरेतून सुटलेली विसंगती खेळाडूला पहिल्याच भेटीत खटकते. हा लेख प्रामुख्याने दोन-चार जणांच्या छोट्या चमूत गेम लिहिणाऱ्यांसाठी आहे. टेबलावर मित्रांबरोबर वर्षानुवर्षे एकच मोहीम चालवणाऱ्या गेम मास्टरलाही यातल्या बहुतेक पायऱ्या जशाच्या तशा वापरता येतील.

आधी सातत्य कशाला म्हणायचे ते ठरवले पाहिजे. पात्र होते तसेच गोठवून ठेवणे म्हणजे सातत्य, असे मानले तर परतलेला सोबती स्वतःचीच नक्कल करत राहतो. माझ्या मते पात्र कितीही बदलले तरी चालते, फक्त त्या बदलाचा हिशेब खेळाडूला लागला पाहिजे. ‘ड्रॅगन एज: ओरिजिन्स’च्या २०१० सालच्या ‘अवेकनिंग’ या विस्तारातला अँडर्स हा थट्टेखोर, सतत पळ काढणारा जादूगार २०११ च्या ‘ड्रॅगन एज २’मध्ये धुमसता बंडखोर होऊन येतो. कथेत या बदलाला भक्कम कारण दिले आहे: ‘अवेकनिंग’मधलाच दुसरा सोबती, न्यायाचा आत्मा जस्टिस, आता अँडर्सच्या शरीरात वसला आहे आणि अँडर्सच्या रागामुळे त्या न्यायाचे रूपांतर सूडात झाले आहे. तरीही अनेक खेळाडूंना हा माणूस अनोळखी वाटला, कारण हा एवढा मोठा बदल दोन खेळांच्या मधल्या काळात, पडद्याआड घडला आणि त्यातच आवाज देणारा कलाकारही बदलला. त्या भागात अँडर्सला जुन्या अँडर्सशी जोडणारा धागा जाणवतो तो एका किरकोळ उल्लेखात. ‘अवेकनिंग’मध्ये त्याला दिलेले मांजर ग्रे वॉर्डन या योद्ध्यांच्या संघाने त्याला सोडून द्यायला लावले, हे तो सांगतो, आणि क्षणभर तोच जुना माणूस बोलत असल्याचे पटते.

पहिली पायरी: प्रत्यक्ष खेळातून नोंदवही तयार करणे

काम सुरू करताना जुना आराखडा, स्वतःची आठवण आणि चाहत्यांची विकी हे तिन्ही बाजूला ठेवावेत. पहिल्या भागाच्या संवाद-फाइलींतून त्या पात्राची प्रत्येक ओळ काढून एका स्प्रेडशीटमध्ये घ्यावी आणि प्रत्येक ओळीपुढे तीन गोष्टी लिहाव्यात: हा प्रसंग प्रत्येक खेळाडूला दिसतोच की काही अटींवर दिसतो, यातून पात्राविषयी कोणती नवी माहिती मिळते, आणि तिला छेद देणारे विधान खेळात दुसरीकडे कुठे आहे का. आराखड्यात असलेले पण खेळातून वगळलेले प्रसंग या वहीत येता कामा नयेत. लेखकाच्या डोक्यात ते घडलेले असतात, खेळाडूच्या दृष्टीने मात्र ते कधी घडलेलेच नसतात, आणि सीक्वेलमधल्या कितीतरी विसंगती नेमक्या या फटीतून शिरतात.

या लेखापुरते एक काल्पनिक उदाहरण घेऊ. पहिल्या भागात येसू नावाची एक वैदीण सोबतीण आहे. ती शेवटच्या लढाईत मरू शकते. वाचली, तर नायकाशी तिची मैत्री, दुरावा किंवा प्रेम यांपैकी एक नाते असते. तिच्या भावानेच गड फितुरीने दिला हे नायकाने तिला सांगितलेले असते किंवा तिच्यापासून लपवलेले असते. आणि शेवटी ती एका गावात स्थिरावते किंवा भटकी राहते.

दुसरी पायरी: गाभा, वळण आणि खेळाडूचा वाटा वेगळे करणे

वही भरली की नोंदी तीन गटांत लावाव्यात. गाभ्यात एरवीही न बदलणाऱ्या गोष्टी येतात: येसू रोग्याला कधी नाकारत नाही, उपकाराचे ओझे तिला सहन होत नाही, भीती वाटली की ती हातांना काहीतरी काम शोधते. वळणाच्या गटात काळानुसार बदलू शकणाऱ्या गोष्टी असतात: मते, पेशा, वेश, श्रद्धा. तिसऱ्या गटात जे केवळ खेळाडूच्या निर्णयामुळे घडले ते लिहावे. या तिसऱ्या गटातल्या एकाही नोंदीला लेखकाने सोयीसाठी हात लावू नये. गाभ्यातले वाक्य नेहमी वागणुकीच्या रूपात लिहावे. ‘ती दयाळू आहे’ या नोंदीवरून संवाद लिहिणाऱ्या दुसऱ्या लेखकाला काहीच कळत नाही. ‘रोगी शत्रूचा असला तरी ती आधी जखम बांधते आणि मग भांडते’ यावरून सगळे कळते.

२०१५ च्या ‘पिलर्स ऑफ इटर्निटी’तला एडेर २०१८ च्या ‘डेडफायर’मध्ये परततो, त्याचे उदाहरण अभ्यासण्यासारखे आहे. पहिल्या भागात तो एओथास या देवाचा अनुयायी आहे. त्या देवाचा अवतार युद्धात नष्ट झाला आहे आणि त्या युद्धात आपला भाऊ कोणत्या बाजूने लढला हे कोडे एडेरला छळते. दुसऱ्या भागाची मुख्य कथाच एओथास एका अजस्र पुतळ्यात शिरून चालू लागतो तिथून सुरू होते. म्हणजे एडेरला परत आणण्यासाठी वेगळे निमित्त शोधावे लागलेच नाही. त्याचा जुना प्रश्नच नव्या कथेच्या मध्यावर येऊन उभा राहिला. परतणाऱ्या सोबत्यासाठी नवा प्रश्न रचण्याआधी त्याचा जुना, अर्धवट सुटलेला प्रश्न नव्या कथानकात कुठे ताणला जातो हे पाहावे. तो कुठेच ताणला जात नसेल, तर या पात्राने या भागात पूर्णवेळ सोबती व्हावे की नाही, याचा फेरविचार करावा.

तिसरी पायरी: शेवट मोजणे आणि मग आवळणे

येसू मृत असण्याची एक स्थिती धरली आणि जिवंत असताना तीन नाती, दोन गुपिते व दोन ठिकाणे यांचा गुणाकार केला, तर एकूण तेरा स्थिती होतात. तेराही स्वतंत्रपणे लिहिणे छोट्या चमूला झेपत नाही आणि तशी गरजही नसते. कोणत्या फरकाने पूर्ण प्रसंग बदलतो, कोणत्या फरकाने दोन-चार ओळी बदलतात आणि कोणता फरक केवळ उल्लेखाने भागतो, हे ठरवावे. येसूच्या बाबतीत मृत्यू आणि दुरावा यांना स्वतंत्र प्रसंग लागतील. मैत्री आणि प्रेम यांचा सांगाडा एक ठेवून मोक्याच्या ओळी वेगळ्या करता येतील. भावाचे गुपित तिला ठाऊक असणे किंवा नसणे एरवी एखाद्या ओळीपुरते असेल; मात्र भाऊ स्वतः दुसऱ्या भागात येणार असेल, तर तोच सर्वांत महागडा फरक ठरतो.

ठिकाणाचा फरक मधल्या काळातील घटनेने मिटवता येतो. उदाहरणार्थ, साथीत ते गाव उठले आणि स्थिरावलेली येसूही पुन्हा वाटेला लागली. ही युक्ती वापरताना मी एक पथ्य पाळतो: जागा काढून घ्यावी, पण त्या जागी घालवलेली वर्षे काढून घेऊ नयेत. गावात राहिलेली येसू तिथल्या माणसांची नावे घेईल, भटकी येसू घेणार नाही. एवढ्या एका ओळीने आपला निर्णय वाया गेला नाही, हे खेळाडूला समजते.

चौथी पायरी: परतीची भूमिका ठरवणे

येथे बहुतेक चुका होतात, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. पात्राच्या संभाव्य स्थिती जितक्या जास्त, तितकी त्याची नव्या भागातली भूमिका लहान ठेवावी लागते, हा साधा व्यवहार आहे. जे पात्र निम्म्या खेळाडूंच्या जगात मृत आहे त्याच्यावर मुख्य कथानक टेकवले, तर त्या निम्म्यांसाठी दुसरे कथानक लिहावे लागते. यातून सुटण्याचे चार मार्ग प्रत्यक्ष वापरले गेले आहेत आणि प्रत्येकाची किंमत वेगळी आहे.

पहिला मार्ग म्हणजे एकच इतिहास खरा मानून पुढे जाणे. २००० सालचा ‘बाल्डर्स गेट २’ सुरू होतो तेव्हा इमोएन, जाहीरा आणि मिन्स्क नायकाबरोबर कैदेत असतात, तर खालिद आणि डायनाहिर मारले गेलेले असतात. १९९८ च्या पहिल्या भागात खेळाडूने या पाच जणांना सोबत घेतले होते की नाही, किंवा त्यांच्यापैकी कोणी तेव्हाच मेले होते का, याची तिथे दखल नाही. सुरुवातीलाच आणि ठामपणे केल्यामुळे हे खेळाडूंनी बरेचसे स्वीकारले. हाच मार्ग उशिरा आणि पात्राच्या विरोधात वापरला की चटका बसतो. जुन्या मालिकेत विकोनिया या सोबतिणीशी प्रेमसंबंध जोडून तिला दुष्ट प्रवृत्तीपासून दूर नेता येत असे. २०२३ च्या ‘बाल्डर्स गेट ३’मध्ये ती शार देवीच्या क्रूर मठाची प्रमुख म्हणून समोर येते. जुन्या मालिकेतला खलनायक सारेव्होक याचेही तेच झाले. जुन्या चाहत्यांची या दोघांविषयीची नाराजी मला रास्त वाटते, कारण येथे पुसला गेला तो दुसऱ्या पायरीतला तिसरा गट, म्हणजे खेळाडूचा वाटा.

दुसरा मार्ग मला सर्वांत उपयोगी वाटतो: आधी भूमिका लिहावी आणि ती निभावणारे पात्र मागच्या इतिहासावरून निवडावे. २०१४ च्या ‘ड्रॅगन एज: इन्क्विझिशन’मध्ये नायकाला मदत करणारा ग्रे वॉर्डन कथेला हवाच आहे. पहिल्या भागात अॅलिस्टेअर वॉर्डन राहिला असेल तर तो येतो, लोगेनला वॉर्डन करून जगवले असेल तर लोगेन येतो, आणि दोन्ही नसतील तर स्ट्राउड येतो. प्रसंगाचा सांगाडा तोच राहतो, पण त्या मोहिमेच्या शेवटी कोणाला मागे सोडायचे हा निर्णय घेताना समोर अॅलिस्टेअर असणे आणि स्ट्राउड असणे यांत खेळाडूच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचा फरक पडतो. हा मार्ग घेताना पर्यायी पात्र केवळ जागा भरण्यापुरते लिहू नये; स्ट्राउडसारखे ते आधीच्या भागात डोकावून गेलेले असले तर उत्तम.

तिसरा मार्ग मौनाचा. २०२४ च्या ‘ड्रॅगन एज: द व्हेलगार्ड’मध्ये आधीच्या भागांतले तीनच निर्णय विचारले जातात: मागच्या भागाचा नायक इन्क्विझिटर याचे प्रेम कोणावर होते, त्याची संघटना विसर्जित केली का, आणि सोलास या त्याच्या जुन्या सोबत्याला थांबवण्याची शपथ घेतली होती की वाचवण्याची. त्यामुळे ‘ओरिजिन्स’मधली सोबतीण मॉरिगन प्रत्यक्ष येऊनही तिच्या मुलाचा विषय निघत नाही. विसंगती टळते हे खरे, पण आईने मुलाविषयी चकार शब्द काढू नये, हेही पात्राशी विसंगतच आहे. गप्प राहायचेच असेल, तर त्या पात्राला अशा प्रसंगांतच ठेवावे जिथे ते गप्प राहणे स्वाभाविक वाटेल.

चौथा मार्ग मृत पात्राला परत आणण्याचा. ‘ओरिजिन्स’मध्ये पवित्र राख भ्रष्ट करणाऱ्या नायकाच्या हातून लेलियाना ही सोबतीण मारली जाऊ शकते, पुढच्या भागांत ती जिवंत आहे आणि त्याचे गूढ स्पष्टीकरण मागाहून जोडावे लागले. छोट्या चमूने या वाटेला जाऊ नये.

पाचवी पायरी: मधल्या वर्षांचा जमाखर्च

दोन भागांमध्ये किती काळ गेला हे ठरवून त्या प्रत्येक वर्षासाठी पात्राची एक ओळ लिहावी: कुठे होते, कोणाबरोबर होते, काय गमावले, काय शिकले. यातला फार थोडा भाग खेळात दिसेल, परंतु संवाद लिहिणाऱ्या प्रत्येकाकडे हे पान असले पाहिजे. ‘बाल्डर्स गेट’च्या दुसऱ्या आणि तिसऱ्या भागांच्या दरम्यान कथेतली शंभराहून अधिक वर्षे लोटतात. अर्धी एल्फ असलेली जाहीरा ती वर्षे जगून वयस्कर झाली आहे, तिने वाढवलेली मुले आहेत आणि तिच्या बोलण्यात थकवा मिसळलेला तिखटपणा आहे. मिन्स्क मात्र मनुष्य आहे. तो त्यातला बराच काळ दगड होऊन पडला होता, म्हणून तो आणि त्याचा हॅमस्टर बू जवळपास होते तसेच येतात. एकाच खेळात एक सोबती काळाने घडवलेला आणि दुसरा काळाने वगळलेला असल्यामुळे त्यांच्या भेटीलाही आपोआप धार येते.

अँडर्सच्या बाबतीत राहिलेली उणीव याच पायरीवर भरून काढता येते. बदल मोठा असेल तर त्यातला निदान शेवटचा टप्पा खेळाडूच्या डोळ्यांसमोर घडवावा. येसूने औषध देणे सोडून विषे करायला सुरुवात केली असेल, तर ती पहिल्या भेटीत अजून दोन्ही करते आहे असे दाखवावे आणि एक टोक तिच्या हातून खेळ चालू असताना सुटू द्यावे.

सहावी पायरी: बोलण्याची ओळख

प्रत्येक परतणाऱ्या पात्रासाठी एक पान बोलीचे असावे: वाक्यांची लांबी, आवडते शब्द, कधीच न वापरलेले शब्द, शपथा, विनोद करण्याची वेळ, आणि ते काय बोलायचे टाळते. पालुपदाची नोंद घ्यावी आणि मग त्यावर मर्यादाही घालावी, कारण चाहत्यांना आवडलेले एक वाक्य दर प्रसंगात पेरले की सोबत्याचे सोंग होते. ‘पिलर्स’मधल्या अलोथच्या अंगात इझेलमिर नावाचे दुसरे, जुने व्यक्तिमत्त्व आहे, दोघांची बोली इतकी निराळी आहे की कोण बोलते आहे हे नाव न वाचताही कळते. चाचणी म्हणून पात्रांची नावे झाकून संवाद वाचायला द्यावेत.

मराठीत लिहिणाऱ्यांना येथे एक जादा काम आहे. संबोधन हीसुद्धा एक स्थिती म्हणून वहीत नोंदवली पाहिजे. पहिल्या भागात नायकाला ‘तुम्ही’ म्हणणारी येसू शेवटी ‘तू’वर आली असेल, तर दुसऱ्या भागात ती ‘तुम्ही’ म्हणून भेटली की खेळाडूला दुरावाच ऐकू येईल. लेखकाला तो अभिप्रेत असो वा नसो. शिवाय खेळाडूने नायक निवडला की नायिका, यावर क्रियापद बदलते. ‘तू आलास’ आणि ‘तू आलीस’ या दोन ओळी लिहाव्या लागतात, आणि ध्वनिमुद्रण असेल तर खर्चही वाढतो. सकर्मक भूतकाळ या अडचणीतून सोडवतो. ‘तू मला वाचवलंस’, ‘तू गड सोडलास’ ही वाक्ये दोघांनाही चालतात. ‘तुम्ही आलात’ हेही चालते. पण केवळ ओळी वाचवण्यासाठी ‘तू’चे ‘तुम्ही’ करू नये. दुसऱ्या भागाचा नायक नवा असेल आणि जुन्याचा नुसता उल्लेख होणार असेल, तर ‘त्यांनी गड राखला’ अशा रचनांवर अधिक भर द्यावा.

सातवी पायरी: नियम, पातळी आणि जुनी माहिती आणण्याची सोय

नियमांचा भाग थोडक्यात आटपतो. पहिल्या भागाच्या शेवटी ड्रॅगन मारणारा सोबती दुसऱ्या भागात उंदरांशी झुंजतो, याला कथेतले कारण असले तर बरे, नसले तरी खेळाडू बहुधा चालवून घेतात. ‘डेडफायर’मध्ये पुतळा जागा होताना नायकाच्या आत्म्याचा अंश ओढला जातो, हे नायकापुरते कारण पुरेसे ठरले. कौशल्य वाढवताना किंवा बदलताना मात्र जुन्याचा माग ठेवावा. इमोएन दुसऱ्या भागात जादूगार झाली, तरी तिचे जुने चोरकसब शाबूत राहिले.

माहिती आणण्याची सोय सुरुवातीलाच बांधावी. १९९८ च्या ‘सुइकोडेन २’ने पहिल्या भागाची सेव्ह (साठवलेल्या खेळाची फाइल) मेमरी कार्डवरून वाचून जुन्या नायकाला सोबत्यांच्या गटात घेण्याची सोय दिली होती, पण यंत्रे बदलली की अशा फाइली अडकतात. ‘इन्क्विझिशन’साठी म्हणूनच ‘ड्रॅगन एज कीप’ हे संकेतस्थळ उभारले गेले, जिथे खेळाडू जुने निर्णय स्वतः भरू शकत असे. रेनपाय या संवादप्रधान गेम बनवण्याच्या साधनात काम करणाऱ्यांना ‘मल्टीपर्सिस्टंट’ ही तयार सोय आहे. तिच्यामुळे एकाच संगणकावरचे दोन वेगळे गेम एकमेकांची माहिती वाचू शकतात. खेळाडूने संगणक बदलला असेल, तर ती उपयोगी पडत नाही. म्हणून तिच्या जोडीला सुरुवातीच्या संवादातच पाच-सहा प्रश्न विणावेत, आणि ‘डेडफायर’प्रमाणे दोन-तीन तयार इतिहासही द्यावेत. नव्या खेळाडूसाठीचा आपोआप लागणारा इतिहास निवडताना, ज्यात सोबती जिवंत आहे आणि ज्याला कमीत कमी खुलासा लागतो, तो घ्यावा.

प्रत्येक स्थितीला ‘माहीत नाही’ हे मूल्य असावे. सेव्ह वाचताना एखादी खूण सापडली नाही की बहुतेक प्रणाली ती ‘नाही’ अशी धरतात, आणि मग ज्या येसूला खेळाडूने सारे सांगितले होते ती भावाविषयी अजाण होऊन बोलू लागते. मूल्य ‘माहीत नाही’ असेल तेव्हा त्या विषयाला न शिवणारी ओळ लागावी.

आठवी पायरी: पहिली भेट आणि तपासणी

परतीचा पहिला प्रसंग सर्वांत शेवटी लिहावा. तोवर पात्राचा बाकीचा प्रवास निश्चित झालेला असतो. त्या प्रसंगात ओळख पटवणारी गोष्ट कृतीतून यावी आणि जुन्या घटनांची उजळणी दोन वाक्यांच्या पुढे जाऊ नये. येसू नायकाला पाहते, बोलण्याआधी त्याच्या हातावरची जुनी जखम तपासते आणि नीट भरली नाही म्हणून रागावते. ज्याने पहिला भाग खेळला त्याला यात सगळे मिळते, आणि ज्याने खेळला नाही त्याला एका वैदिणीचा स्वभाव कळतो.

तपासणीसाठी तेराही स्थिती पूर्ण खेळण्याची गरज नाही. सर्वांत टोकाच्या तीन निवडाव्यात: येसू मृत, येसू दुरावलेली आणि गुपित न कळलेली, येसू प्रेमात आणि सारे जाणणारी. त्यातही मृत्यूची स्थिती आधी तपासावी, कारण इतर सोबत्यांच्या आपसातल्या गप्पांत तिचे नाव जिवंत माणसासारखे येण्याची शक्यता सर्वाधिक असते. संवाद-फाइलींमध्ये तिच्या नावाचा शोध घेऊन प्रत्येक उल्लेखामागे अट लावली आहे की नाही, हे एकेक करून पाहावे. नंतर दोन वाचक घ्यावेत, एक पहिला भाग अलीकडेच संपवलेला आणि एक त्याचे नावही न ऐकलेला. पहिल्याला कुठे अडखळायला झाले आणि दुसऱ्याला कुठे कंटाळा आला, एवढेच विचारावे. दोघांनी एकाच ओळीवर बोट ठेवले, तर ती ओळ काढून टाकावी.

दुसरा भाग प्रकाशित झाला की त्याच स्प्रेडशीटमध्ये नवा रकाना उघडून येसूच्या नव्या स्थिती लगेच नोंदवाव्यात. हे काम तिसऱ्या भागाचा विचार सुरू होईपर्यंत लांबवले, तर तोवर चमूतले निम्मे लोक बदललेले असतात आणि कोणती ओळ अखेरच्या आवृत्तीत राहिली हे सांगणारे कोणी उरत नाही.